नेमबाजाचा हात

१४ ऑक्टोबर १९३९, शनिवार

व्हेलबोटींवरच्या माणसांनो! — उद्या संघटनेच्या हॉलमध्ये सुरुवात अशीच करायची. मग लगेच: तुमच्यातल्या एकाला तरी कुणी विचारलं का? सरकारने बोट ताब्यात घेतली. यादी केली. ती यादी मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहे. वाफेचा विंच एक. नांगर दोन. साखळी नव्वद वाव. माणसं चौदा. स्वयंपाकाची चूल एक. — साखळीच्या खाली आणि चुलीच्या वर, अशी आपली जागा!

इथे थांबायचं. हशा येईल, तो ओसरू द्यायचा. मग आवाज खाली आणायचा.

बोर्गिल्डला वाचून दाखवलं. ती मोजे रफू करत होती. "चुलीच्या वर ना? मग बरंच की," म्हणाली. बायकोपुढे भाषणाची तालीम करू नये.

वीस वर्षं मी युद्धाच्या विरोधात बोलतो आहे. आता करड्या बोटीचं सुकाणू माझ्याच हातात. गेलो नाही तर तुरुंग, आणि माझ्या जागी दुसरा कुणीतरी. तटस्थतेची राखण म्हणतात हिला. कुणावर चालून जायचं नाही, कुणाला आत येऊ द्यायचं नाही. एवढं मला पटतं. पण विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१७ ऑक्टोबर

आज देवमासे मारायची भाल्याची तोफ बोटीवरून उतरवली.

आमची बोट स्कोल्म-२ सव्वीस साली पाण्यात उतरली. दोनशे चौदा टन. बारा हंगाम दक्षिणेच्या बर्फात. दोन हजारांवर देवमासे तिने शेपटीला बांधून ओढत आणले. त्यातले नऊ हंगाम सुकाणूवर मी होतो. सगळीकडे करडा रंग फासला आहे, पण खाली स्टोव्ह पेटवला की लाकडातून तेलाचा तो जुना वास वर येतो. रंगाच्या बापाला झाकता यायचा नाही.

माथियास ग्रोत्नेस धक्क्यावर दोर बांधायच्या खुंटावर बसून बघत होता. आमचा नेमबाज. अठ्ठावन्न वर्षांचा. क्रेनवाल्याला म्हणाला, "हळू रे. तिला धक्के खायची सवय नाही." त्याच चौथऱ्यावर आता आरमाराची तोफ. तिच्यावर १९०० चा शिक्का. "हिला पेन्शन कधी लागू होणार, कुणी विचारलं का?" — कोल्ब्यॉर्न, इंजिनघरातून डोकं काढून. माथियास हसला नाही.

व्हेलबोटीवर नेमबाज हाच कप्तान. आजवर माथियासच्या वर फक्त आभाळ होतं. आता त्याला हवालदाराएवढा हुद्दा, आणि वर एक लेफ्टनंट. मला आनंद व्हायला हवा. झालाही. थोडासा.

३ नोव्हेंबर

पहिली गस्त. फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या अरुंद खाडीच्या, तोंडाशी, दीपगृहापासून खडकांच्या रांगेपर्यंत, परत, पुन्हा. चार-चार तासांच्या पाळ्या.

लेफ्टनंट विबोर्ग शाळेत गणित शिकवतो. सत्तावीस वर्षांचा. सगळ्यांना "तुम्ही" म्हणतो, कोळसा ओढणाऱ्यालासुद्धा. आज एक गंमत झाली. माथियास तोफेपाशी उभा होता, आमच्याकडे पाठ करून, नेहमीसारखा. समोर तरंगतं लाकूड दिसलं म्हणून त्याने हात मागे वर केला. झालं. स्वयंपाकी बादली घेऊन जात होता, एक पाय उचललेला तसाच राहिला. बोलणारे गप्प. मी इंजिन हळू केलं आणि बोटांच्या दिशेने सुकाणू वळवलं. लाकूड बाजूने निघून गेलं. हात खाली आला, बादली चालू लागली.

"हे सगळे एकदम गप्प का झाले?" लेफ्टनंटने विचारलं.

मी समजावलं. देवमाशाच्या मागे असताना नेमबाज तोंड उघडत नाही. पाठीमागे हात करतो, त्या हाताकडे बघून आम्ही बोट नेतो. हात वर असेपर्यंत बोटीवर चमचासुद्धा वाजत नाही. इंजिन हळू.

"पण मी आज्ञा दिली नव्हती."

"नाही, लेफ्टनंट."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "यापुढे माझा आवाज. हात नाही." मी म्हटलं, वीस वर्षं मी हेच सांगतो आहे. तो पहिल्यांदा हसला.

२२ नोव्हेंबर

सुटा झालेला सुरुंग. साठ मीटरवरून वाहत गेला. त्याची स्फोटाची शिंगं मोजली — सात दिसली.

१० डिसेंबर

हॉल खच्चून भरलेला. इतका चांगला मी कधी बोललो नसेन! विषय: हात. म्हटलं, राजांची राज्यं गेली, फ्रान्समध्ये दीडशे वर्षांपूर्वी गेली, पण आमच्या बोटींच्या टोकावर अजून एक राजा उभा आहे आणि तो आमच्याकडे तोंडदेखील करत नाही. त्याच्या मनगटाला आमचे कान बांधलेले. आम्हाला हात नको. नियम हवा. उच्चारलेला, लिहिलेला, सगळ्यांनी मिळून ठरवलेला.

टाळ्या. सगळ्यांत जोरात रायदार सुन्देनेच्या. तो आमच्याच बोटीवर सहा हंगाम होता. आता भावाबरोबर, ओस्मुंडबरोबर, मासेमारी करतो. बोटीचं नाव तेर्ना. नंतर कॉफीला माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "सहा हंगाम त्या हाताखाली काढले. आता माझी बोट, माझा हात. सुटलो बघ."

माथियास शेवटच्या रांगेत बसला होता. येईल असं वाटलं नव्हतं. जाताना थांबला. "बरा बोललास, हालवार्ड. पण देवमासा वर आला की हात वर करून मतं मोजणार का?" भोवतीचे हसले. मीही हसलो. उत्तर घरी पोचेपर्यंत सुचलं नाही.

९ जानेवारी १९४०

फ्योर्ड आतून गोठत आला आहे. दर तासाला कुऱ्हाडींनी कठड्यांवरचा बर्फ फोडतो, नाहीतर बोट वजनाने कलंडेल. दक्षिणेत असं कधी झालं नाही. कोल्ब्यॉर्न म्हणतो, दक्षिणेत आपण उन्हाळ्यात जात होतो, मूर्खा.

१८ फेब्रुवारी

योसिंगफ्योर्डची बातमी. इंग्रजांनी आपल्या पाण्यात शिरून जर्मन जहाजावर चढाई केली, कैदी सोडवून नेले, माणसं मारली. आपल्या पाण्यात! आपल्या गस्ती बोटी तिथे होत्या. निषेध नोंदवला.

वरून हुकूम आला आहे. यापुढे फ्योर्डच्या तोंडाशी दिसेल ती बोट थांबवायची, तपासायची. तोफेवरचं कापड दिवसभर काढलेलं. माथियास आठ-आठ तास तिथे उभा. डोळ्यांतून पाणी येतं, ते पापण्यांवर गोठतं. कुणी बदली द्यायला गेलं की म्हणतो, "इथे माझी जागा आहे."

सगळ्यांच्या नसा ताणलेल्या. स्वयंपाक्याच्या हातून झाकण पडलं तर चौघे उठून उभे राहिले.

२४ फेब्रुवारी

ओस्मुंड सुन्देने मेला. आम्ही मारला. आज लिहवत नाही.

२५ फेब्रुवारी

लिहितो. जसं झालं तसं. नंतर सगळे आपापल्या सोयीने आठवतील, मीसुद्धा.

सकाळी साडेनऊ. शून्याखाली एकोणीस. बर्फामधल्या मोकळ्या पाण्यातून वाफ उठत होती, माणसाच्या दुप्पट उंच. समुद्र धुमसत होता म्हटलं तरी चालेल. डोलकाठीवरच्या पिंपातल्या पहारेकऱ्याला वाफेच्या वरचं निळं आभाळ दिसत होतं, खालचं काही नाही. लेफ्टनंट ब्रिजच्या — सुकाणूच्या मचाणाच्या — उजव्या टोकाला. मी सुकाणूवर. माथियास तोफेपाशी, पाठ आमच्याकडे.

डावीकडे, पुढे, वाफेतून एक पांढरा झोत वर गेला. बाकी वाफेपेक्षा उंच. विरला. पुन्हा एक.

माथियासचा हात वर गेला. बोटं डावीकडे.

मी सुकाणू डावीकडे वळवलं. उजव्या हाताने इंजिनघराचा दांडा "हळू"वर ओढला. तोही मीच. विचार केला नाही. विचार नंतर आला.

लेफ्टनंटला त्याच्या जागेवरून तेर्ना दिसली होती. तो ओरडला, "उजवीकडे! सुकाणू उजवीकडे!" मी ते ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. तरी माझे हात त्या हाताला चिकटलेले राहिले. तीन सेकंद. चार असतील. लेफ्टनंटने धावत येऊन दांडा "पूर्ण मागे"वर आपटला, तेव्हा मी जागा झालो.

तोवर तेर्ना टोकाखाली होती. झोत म्हणजे तिच्या एका नळकांड्याच्या इंजिनाचा धूर. थंडीत पांढरा झालेला. आठ मीटरची लाकडी बोट. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. फळ्या मोडल्याचा, बस्स.

रायदारला दोघांनी आकड्याने ओढून वर घेतलं. ओस्मुंड चाळीस मिनिटांनी सापडला.

एक गोष्ट मला कळत नाही. धडकेच्या आधी तेर्नाच्या इंजिनाची टकटक थांबलेली होती. ती उभी होती. का?

माथियास तसाच तोफेपाशी. हात अजून अर्धवट वर. स्वयंपाक्याने जाऊन तो खाली केला. "मला देवमाशाचा फवारा वाटला," तो म्हणाला. फेब्रुवारीत, या पाण्यात, घरापासून दोन तासांवर! तीस वर्षांत ज्याचा नेम चुकला नाही त्या माणसाला फवारा दिसला, आणि मी त्याच्या मागे बोट नेली.

२८ फेब्रुवारी

लेफ्टनंटने नकाशाच्या खोलीत बोलावलं. अहवाल वाचून दाखवला. त्यात एक वाक्य: "सुकाणू डावीकडे वळवण्याची आज्ञा माझी होती."

मी म्हटलं, "तुम्ही उजवीकडे म्हणालात. मी ऐकलं."

"दार लावा." मग म्हणाला, "खरं लिहिलं तर त्याचा अर्थ, तुम्ही आज्ञा मोडली आणि एक माणूस मेला. आपण लष्करी कायद्याखाली आहोत. ग्रोत्नेसने आज्ञा नसताना इशारा केला, तोही जाईल. दोन माणसं. असं लिहिलं तर एक."

"तुम्हाला शिक्षा होईल."

"हुद्दा जाईल. कदाचित काही महिने आत. शाळेत परत घेणार नाहीत." चष्मा पुसला. "तुम्हाला मुलं किती?"

"तीन."

"मला एकही नाही. तुम्ही गणितात कच्चे दिसता."

चौकशी १९ मार्चला, होर्टनला, आरमाराच्या तळावर. तोवर मला काय बोलायचं ते ठरवायचं आहे. ज्या वर्गाविरुद्ध मी आयुष्यभर बोललो त्यातला एक पोरगेलासा माणूस माझ्यासाठी खोटं लिहितो आहे, आणि मला ते घ्यावंसं वाटतं आहे. हे इथेच लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

३ मार्च

ओस्मुंडला पुरलं. जमीन इतकी गोठलेली की आधी दोन दिवस तिथे शेकोटी करावी लागली. रायदार आईचा हात धरून उभा होता. माझ्याकडे एकदाच बघितलं, लगेच खाली.

संध्याकाळी बोटीवर कोल्ब्यॉर्नने मला धरलं. इंजिनघरातला, तोंडाळ, पण मनाचा वाईट नाही.

"तोंड लांब करून काय बसलास? अधिकारी पहिल्यांदा आपल्यासाठी काहीतरी देतो आहे. तूच ना सांगायचास, वरच्यांनी एकदा तरी भोगावं?"

"त्याने काय केलं?"

"वरचा आहे. पुरे की." मग आवाज खाली आणला. "हे बघ, भाषणवीरा. तू तिथे उभा राहून खरं बोललास की पहिला प्रश्न म्हाताऱ्याला. दुसरा मला, इंजिन हळू कुणी केलं म्हणून. खरं बोलायची हौस तुझी, आणि वाटणी सगळ्यांत."

कॉफी ओतून दिली. साखरसुद्धा घातली, स्वतःच्या डब्यातली.

६ मार्च

माथियासकडे गेलो. बोर्गिल्ड म्हणाली, जाऊ नकोस. गेलो.

दिवाणखान्यात खिडकीशी बसला होता. टेबलावर मासळीचे गोळे, हात न लावलेले. त्याची बहीण दार लावून आत गेली.

"काय सांगणार तिथे?" मी विचारलं.

"मला विचारतील ते."

"हात वर केला होता म्हणणार?"

"केला होता."

"आणि फवारा?"

"माझे डोळे दोन वर्षांपासून अंधुक आहेत. कंपनीला सांगितलं नाही. कुणालाच नाही. मागच्या हंगामात निम्मे देवमासे पहारेकऱ्याच्या आवाजावर मारले."

दोन वर्षं! मी त्या हाताकडे बघून बोट नेत होतो आणि तो हात आवाज ऐकून वर जात होता. मी काहीतरी बोलणार तोच तो वळला. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट तोंड करून बोलला.

"तू मात्र मला एक सांग. वीस वर्षं हॉलमध्ये ओरडतोस, त्या हाताचं ऐकू नका. माझे डोळे गेले, मला फवारा वाटला. तुझे तर चांगले आहेत ना? कानही. मग वळवलंस कशाला?"

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर पडलो.

११ मार्च

समन्स आलं. सोबत प्रश्नांचा कागद. त्यात एक: "टक्कर होताना मासेमारी बोट स्थिर होती, असे दिसते. याबाबत साक्षीदारास काय माहिती आहे?" लेफ्टनंट म्हणाला, मापं घेतली आहेत. तेर्ना चालू राहिली असती तर आमच्या टोकापुढून वीस मीटर अंतर राखून निघून गेली असती. ती उभी राहिली म्हणून मेली. कारण कुणाला ठाऊक नाही. इंजिन बंद पडलं असेल, असं सगळे धरून चालले आहेत.

ठरवलं. खरं सांगणार. हात, सुकाणू, आज्ञा, चार सेकंद. लेफ्टनंटचं वाक्य खोटं आहे, हे त्याच्यासमोर सांगणार. ज्या दिवशी मी खोट्याच्या आडोशाला उभा राहीन त्या दिवशी आजवरची सगळी भाषणं परत घ्यावी लागतील.

लेफ्टनंटला तसं सांगून टाकलं. मग बोर्गिल्डला सांगितलं.

"मुलांना काय सांगू? बाप आत का गेला?"

"खरं सांग."

"ते तू सांग त्यांना. जायच्या आधी." आणि भांडी घासायला गेली. रागाने नाही. घासायची होती म्हणून.

१७ मार्च, झावळ्यांचा रविवार

बोर्गिल्ड मुलांना घेऊन चर्चला. मी जात नाही, सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तो त्या वेळी आला असावा.

रायदार. टोपी हातात. बसला नाही.

"मंगळवारी तू काय सांगणार, ते कळलं," म्हणाला. "लेफ्टनंट भेटायला आला होता आईला. भला माणूस आहे."

"मी खरं तेच सांगणार, रायदार. ओस्मुंडला मी —"

"थांब. आधी ऐक." टोपी फिरवत राहिला. "वाफ एका जागी फाटली. तुमचं टोक दिसलं. पन्नास-साठ मीटर. आणि चौथऱ्यावर म्हातारा. हात वर." "मी इंजिन बंद केलं. मीच. दांडा ओढला आणि गप्प उभा राहिलो. सहा हंगाम... हात वर दिसला की दुसरं काही येतच नाही. ओस्मुंड मागे ओरडत होता, चालू ठेव, चालू ठेव, निघून जाऊ! तो कधी दक्षिणेत गेला नव्हता ना. त्याला काय माहीत."

मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

म्हणजे तो हात! एका बोटीवर सुकाणू वळवणारा आणि दुसऱ्या बोटीवर इंजिन बंद करणारा एकच हात. त्या हाताचा मालक डोळ्यांनी अधू, आणि आम्ही दोघे धडधाकट.

"आईला माहीत नाही," रायदार म्हणाला. "तिला वाटतं, इंजिन बिघडलं. इंजिन जुनं होतं, तीच म्हणायची, नवं घ्या. ते तिला सोसतं आहे. हे सोसणार नाही. पण तुला सांगितल्याशिवाय राहवेना. तुला तिथे विचारणार, बोट का थांबली."

"हो."

"काय सांगशील?"

माथियासचे सोडले तर आयुष्यात मी प्रश्न अनुत्तरित सोडलेला नाही. हॉलमध्ये मागच्या बाकावरून कुणी पुटपुटलं तरी त्याला उत्तर देतो. आज दिलं नाही. त्याने टोपी घातली आणि तो गेला.

हे उघड केलं तर काय होतं? लेफ्टनंट सुटतो. माथियासवरचं ओझं हलकं होतं. माझंही! तेर्ना उभी राहिली नसती तर माझ्या चार सेकंदांनी कुणाचंही काही बिघडलं नसतं. चौकशीला जे हवं आहे तेच. खरं, आणि सगळ्यांच्या फायद्याचं. किंमत भरायची फक्त एका म्हातारीने आणि या माणसाने.

१८ मार्च

झोप नाही. बोर्गिल्डला काही सांगितलं नाही. ती गोष्ट माझी नाही, रायदारची आहे.

१९ मार्च

होर्टन. उंच खोली, हिरवं कापड घातलेलं टेबल, तीन अधिकारी, एक लिहिणारा. बायबल पुढे केलं. मी नाही म्हटलं. "माझ्या शब्दावर सांगतो." मधल्या वयस्कर अधिकाऱ्याने मान डोलावली. "तुमचा शब्द या भागात बराच ऐकला जातो, असं कळतं." टोमणा नव्हता. कदाचित होता.

सगळं सांगितलं. आज्ञा उजवीकडे होती. मी ती ऐकली. सुकाणू डावीकडे मी वळवलं, इंजिन मी हळू केलं. लेफ्टनंट विबोर्गने अशी आज्ञा कधीच दिली नाही, त्याने माझ्यासाठी लिहिलं आहे. लेफ्टनंट खाली बघत होता. कान लाल.

"आज्ञा ऐकूनही का मोडलीत?"

"मोडली नाही. हाताचं ऐकलं."

"हाताचं का ऐकलंत?"

"नऊ हंगाम ऐकत आलो म्हणून. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही."

लिहिणाऱ्याच्या पेन्सिलीचं टोक मोडलं, नवी आणली. तेवढ्यात मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं.

"मासेमारी बोट का थांबली, याबाबत तुम्हाला काही माहिती आहे?"

रायदार बाहेर बाकावर बसलेला. येताना त्याच्यासमोरूनच आत आलो होतो. शेजारी त्याची आई, काळी शाल, मांडीवर भाकरीची पुरचुंडी.

"नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

लिहून घेतलं. सही केली. बाहेर आलो तेव्हा पाय हलके होते. बसमध्ये तीन जणांनी भाषणाची आठवण काढली, मी हसून बोललो. एक माणूस वाचवला, एक म्हातारी वाचवली. स्वतःचं काही लपवलं नाही. जे लपवलं ते माझं नव्हतं. असं मी स्वतःला तीनदा सांगितलं. तीनदा सांगावं लागलं.

२० मार्च

लेफ्टनंट धक्क्यावर भेटला. काल माझ्यानंतर रायदारला आणि त्याच्या आईला आत घेतलं. त्याला वाटलं, मी सगळं सांगून गेलोच असणार. म्हणून आई शेजारी असताना त्याने स्वतःच सांगून टाकलं: इंजिन मी बंद केलं, ओस्मुंड चालू ठेव म्हणत होता. त्यांनी विचारलं, हे आधी कुणाला बोललात? तो म्हणाला, "हालवार्डला, रविवारी. तो खोटं बोलणारा माणूस नाही. त्याला विचारा."

लेफ्टनंट सुटला. माथियासला घरी पाठवतील. मला पुन्हा बोलावलं आहे, आणि बोट का थांबली हे तुम्हाला आधीच माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं तर खरं उत्तर देईन हे खात्रीने मला इथेही लिहिता येत नाही.

संघटनेला चिठ्ठी लिहिली. तीच इथे उतरवतो.

साथींनो, एक मेच्या कामगार सभेच्या वक्त्यांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे. ते खोडा.